गोदावरी ताखोपेक्षा लांब: एका स्पॅनिश भाषणातल्या तुलनांचं प्रकरण

नाशिकची माझी एक स्पॅनिशची विद्यार्थिनी. द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका कार्यालयात कागदपत्रांचं काम पाहते. तिला डेले या स्पॅनिश परीक्षेची बी-१ पातळी द्यायची आहे. या पातळीच्या तोंडी परीक्षेत सुरुवातीलाच एका विषयावर दोन-तीन मिनिटं सलग बोलावं लागतं. त्याआधी तयारीला १५ मिनिटं मिळतात. सरावासाठी मी विषय दिला: तुमचा प्रदेश आणि स्पेनमधला एखादा प्रदेश. तिने नाशिकसमोर ला रिओखा ठेवलं. निवड उत्तम होती. नाशिक गोदावरीकाठी, तर ला रिओखाची राजधानी लोग्रोन्यो एब्रोकाठी. द्राक्षं दोन्हीकडे, वाइन दोन्हीकडे. मुख्य म्हणजे तुलना टाळून या विषयावर चार वाक्यंही बोलता येत नाहीत.

भाषण ऐकलं. शब्दसंग्रह चांगला होता, क्रियापदं जागच्या जागी होती, 'असणे'साठीच्या 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांत गल्लत नव्हती. पण तुलनेचं वाक्य आलं की गाडी अडायची. तिची काही वाक्यं तिने म्हटली तशीच देते. (स्पॅनिशमध्ये 'व' आणि 'ब' यांचा उच्चार एकच, म्हणून बिनो (वाइन), ऊबा (द्राक्ष) असं लिहिलं आहे. कंसात तिला म्हणायचं होतं ते.)

एल गोदावरी एस लार्गो के एल ताखो. (गोदावरी ताखोपेक्षा लांब आहे.)
एल तेइदे एस मास आल्ता मोन्तान्या एन एस्पान्या. (तेइदे हा स्पेनमधला सर्वांत उंच डोंगर आहे.)
तिएने मास के त्रेस मील सेतेसियेन्तोस मेत्रोस. (तो ३,७०० मीटरांहून उंच आहे.)
नासिक नो तिएने तान बिन्येदोस कोमो ला रिओखा. (नाशिकमध्ये ला रिओखाइतके द्राक्षमळे नाहीत.)
एस्पान्या एस मास ग्रान्दे के पेन्साबा. (स्पेन मला वाटलं होतं त्याहून मोठा आहे.)
लास ऊबास दे नासिक सोन मुय बुएनीसिमास. (नाशिकची द्राक्षं फारच छान असतात.)

माहितीत चूक नव्हती. गोदावरी १,४६५ किलोमीटर, आयबेरियन द्वीपकल्पातली सर्वांत लांब नदी ताखो साधारण १,००७ किलोमीटर. तेनेरिफे बेटावरचा तेइदे ३,७०० मीटरांहून उंच आहे आणि स्पेनमध्ये त्याच्यापेक्षा उंच काही नाही. चुकलं ते व्याकरण, आणि तेही जवळजवळ प्रत्येक वाक्यात वेगळ्या जागी.

तरीही तिला नियम येत नव्हते असं नाही. 'मास' (जास्त) अधिक विशेषण अधिक 'के', 'मेनोस' (कमी) अधिक विशेषण अधिक 'के', 'तान' (इतका) अधिक विशेषण अधिक 'कोमो' हा तक्ता तिला तोंडपाठ होता. रिकाम्या जागा भरायला दिल्या तेव्हा तिने एकही चुकवली नाही. बोलताना मात्र तक्ता कुठल्या कुठे जायचा. अशा वेळी तोच तक्ता पुन्हा फळ्यावर लिहिण्यात काही अर्थ नसतो. वाक्य डोक्यात तयार कसं होतं, ते पाहावं लागतं.

पहिलंच वाक्य घेऊ. मराठीत आपण म्हणतो, 'गोदावरी ताखोपेक्षा लांब आहे.' इथे तुलना कुणी केली? एकट्या 'पेक्षा'ने. 'लांब' हे विशेषण जसंच्या तसं राहिलं. 'जास्त लांब' म्हटलं तर चालतं, पण त्याची गरज नसते. उलट थोडं जोर दिल्यासारखं वाटतं. तुलनेचा सगळा भार आपण ज्याच्याशी तुलना करतो त्याच्या शेपटीला बांधतो. स्पॅनिश तो भार विशेषणाच्या डोक्यावर ठेवते: मास लार्गो. 'के' फक्त समोरच्याला आणून उभं करतो. तिच्या मनात 'पेक्षा' म्हणजे 'के' हे समीकरण पक्कं झालं होतं. 'के' म्हटलं की तुलना झाली, असं तिच्या मराठी कानाला वाटायचं, आणि 'मास' गळून पडायचा. 'एस लार्गो के एल ताखो' हे स्पॅनिश माणसाला अर्धवट तुटलेलं वाक्य वाटतं, तिला मात्र ते पूर्ण वाटत होतं.

उपाय म्हणून स्पॅनिश बाजूलाच ठेवलं. काही दिवस तिने मराठीतच तुलना करायच्या, पण 'जास्त' किंवा 'कमी' म्हटल्याशिवाय एकही नाही, अशी अट घातली. 'कळसूबाई तेइदेपेक्षा कमी उंच आहे.' 'आमची कांदा भजी तुमच्यापेक्षा जास्त कुरकुरीत आहेत.' मराठी थोडं विचित्र ऐकू येतं. घरचे हसले, असं तिने सांगितलं. पण 'जास्त' सक्तीचा झाला की 'मास'साठी जागा राखली जाते. मग क्रम फिरवायचा: आधी 'जास्त उंच', मागाहून 'कुणापेक्षा'. एल गोदावरी एस मास लार्गो के एल ताखो. 'मास'ची ही सवय सगळ्यात लवकर लागली.

तिसऱ्या वाक्यातली चूक इंग्रजीच्या वाटेने आली होती. शाळेपासून डोक्यात बसलेल्या 'मोर दॅन'चं तिने 'मास के' केलं होतं, आणि ते सगळीकडे वापरायची. स्पॅनिशमध्ये मात्र 'मास'नंतर संख्या आली की 'के' नाही, 'दे' लागतो. मास दे त्रेस मील सेतेसियेन्तोस मेत्रोस. पाचव्या वाक्यातही 'के' एकटा चालत नाही. तुलना एखाद्या वस्तूशी नसून 'मला जेवढं वाटलं होतं' अशा अख्ख्या वाक्याशी असेल, तर 'दे लो के' येतं: एस्पान्या एस मास ग्रान्दे दे लो के पेन्साबा.

इथे इंग्रजी सोडून मराठीकडे गेलं की काम सोपं होतं, हे मला या प्रकरणात फार ठळक दिसलं. मराठीत तुलनेसाठी 'पेक्षा'बरोबर 'हून'ही आहे. हा 'हून' मुळात 'तिथून, त्या जागेपासून' या अर्थाचा: मुंबईहून आलो, पुण्याहून निघालो. स्पॅनिश 'दे'सुद्धा तेच करतो: बेंगो दे मुंबई. आता तिची दोन्ही वाक्यं मराठीत म्हणून पाहा. '३,७०० मीटरांहून अधिक.' 'वाटलं होतं त्याहून मोठा.' दोन्हीकडे 'हून' अगदी सहज बसतो, आणि दोन्हीकडे स्पॅनिशमध्ये 'दे' येतो. तिला सांगितलं: संख्येला 'हून' लाव, 'त्याहून' म्हणता येईल तिथेही 'हून' लाव, आणि 'हून' म्हणजे 'दे'. माणसं, नद्या, डोंगर, गावं यांना 'पेक्षा', आणि 'पेक्षा' म्हणजे 'के'.

हा भाषाशास्त्राचा सिद्धांत नाही, कामचलाऊ युक्ती आहे. मराठीत 'प्राणाहून प्रिय'ही म्हणतात आणि 'शंभरपेक्षा जास्त'ही. म्हणजे आपण दोन्ही प्रत्यय मोकळेपणाने वापरतो, स्पॅनिश वापरत नाही. तरीही शिकणाऱ्याने आपल्या मराठीला तेवढ्यापुरती शिस्त लावली, की स्पॅनिश वाक्य आपोआप सरळ येतं. तिच्या कामातलं एक वाक्य यावर छान बसलं. 'विकली त्याहून जास्त द्राक्षं काढली.' कोसेचामोस मास ऊबास दे लास के बेन्दीमोस. इथे 'लो'ऐवजी 'लास' आलं, कारण ऊबास स्त्रीलिंगी अनेकवचनी. मोजमाप एखाद्या नामाचं असेल, तर 'दे'नंतरचा शब्द त्या नामाचं लिंग-वचन धरतो. मराठी माणसाला लिंग-वचन जुळवायला वेगळं शिकवावं लागत नाही. 'जेवढी विकली तेवढी' म्हणताना आपण ते रोजच करतो.

तेइदेच्या वाक्यात तीन चुका एकत्र होत्या: आर्टिकल (नामाआधीचा एल किंवा ला) नाही, विशेषण नामाच्या आधी, आणि 'दे'च्या जागी 'एन'. स्पॅनिशमध्ये 'अधिक उंच' आणि 'सर्वांत उंच' यांना वेगळी रूपं नाहीत. दोन्ही 'मास आल्तो'च. फरक करतो तो आधी येणारा एल किंवा ला. उना मोन्तान्या मास आल्ता म्हणजे आणखी उंच असा एखादा डोंगर. ला मोन्तान्या मास आल्ता म्हणजे सगळ्यांत उंच तो. मराठीत आर्टिकल नाही. आपल्याकडे हे काम 'सर्वांत' किंवा 'सगळ्यात' हा धडधाकट, ठळक शब्द करतो. त्यामुळे मराठी कान स्पॅनिश वाक्यातही तसाच एखादा वजनदार शब्द शोधतो, त्याला 'मास' सापडतो, आणि बिचारा 'ला' दारातच राहतो. तिला मी 'सर्वांत'चं भाषांतर करायचंच नाही, असं सांगितलं. आधी नाम आर्टिकलसकट म्हणायचं, ला मोन्तान्या, आणि मगच 'मास आल्ता'. नाम तोंडातून आधी बाहेर पडलं की विशेषणही आपसूक मागे जातं.

'एन'चा दोष थोडा मराठीचाही आहे. 'स्पेनमधला सर्वांत उंच डोंगर' म्हटलं की 'मध्ये' आला, 'मध्ये' आला की 'एन' आला. त्याऐवजी 'स्पेनचा सर्वांत उंच डोंगर' म्हणायचं. चा, ची, चे म्हणजे 'दे'. ला मोन्तान्या मास आल्ता दे एस्पान्या.

यातून एक छान वाद निघाला. तिने कुठेतरी मुलासेन हे स्पेनमधलं सर्वोच्च शिखर असल्याचं वाचलं होतं, म्हणून तेइदेचं वाक्य चूक आहे का, असं तिने विचारलं. मुलासेन सुमारे ३,४८० मीटर उंच, दक्षिणेत सिएर्रा नेबादात. तो मुख्य भूमीवरचा, म्हणजे आयबेरियन द्वीपकल्पातला, सर्वांत उंच. तेइदे आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवर, पण स्पेनच्याच हद्दीत. एल तेइदे एस एल पीको मास आल्तो दे एस्पान्या, एल मुलासेन एस एल पीको मास आल्तो दे ला पेनिन्सुला. नद्यांचंही तसंच. ताखो द्वीपकल्पात सर्वांत लांब, पण ती पुढे पोर्तुगालमध्ये जाऊन लिस्बनपाशी अटलांटिकला मिळते. पूर्णपणे स्पेनमधून वाहणाऱ्या नद्यांत सर्वांत लांब एब्रो, साधारण ९३० किलोमीटर. वाक्याच्या शेवटी 'दे'नंतर काय येतं, त्यावर उत्तर बदलतं. आपल्याकडेही गोदावरी ही द्वीपकल्पीय भारतातली सर्वांत लांब नदी म्हणतात, सबंध भारतातली नव्हे. हे तिला भूगोलाच्या पुस्तकामुळे आधीच माहीत होतं, आणि मग 'दे'चा धडा वेगळा द्यावा लागला नाही.

भाषणात घालण्यासारखं आणखी एक वाक्य मी सुचवलं, कारण तो स्पेनचा खरोखरचा जागतिक विक्रम आहे. द्राक्षवेलींखालचं क्षेत्र जगात सर्वाधिक स्पेनमध्ये, ९ लाख हेक्टरांहून जास्त. एस्पान्या एस एल पाईस कोन मास बिन्येदो देल मुन्दो. इथे एल एकीकडे, मास दुसरीकडे, मध्ये 'पाईस कोन'. 'एल' आणि 'मास' शेजारी-शेजारीच असले पाहिजेत, असं धरून बसलेला विद्यार्थी हे वाक्य कधीच बनवू शकत नाही. क्रियापदाबरोबरही असंच होतं. 'मला सर्वांत आवडणारं द्राक्ष' म्हणजे ला ऊबा के मास मे गुस्ता. आर्टिकल ऊबाजवळ, 'मास' क्रियापदाजवळ.

तान आणि तान्तोचा प्रश्न लवकर मिटला. मराठीत 'इतकं उंच' आणि 'इतकी द्राक्षं' यांत एकच शब्द चालतो. स्पॅनिश विशेषणाआधी न बदलणारा 'तान' वापरते, नामाआधी 'तान्तो, तान्ता, तान्तोस, तान्तास'. मळे हे नाम, म्हणून तान्तोस बिन्येदोस. बस्स.

'मुय बुएनीसिमास'वर मात्र थांबावंसं वाटलं. -ईसिमो हा प्रत्यय कुणाशी तुलना करत नाही, फक्त गुण टोकाला नेतो. व्याकरणाची पुस्तकं त्याला सुपरलेटिव्हच्याच, म्हणजे 'सर्वांत'वाल्या रूपांच्या, घरात बसवतात आणि विद्यार्थी गोंधळतात. मराठीत याच्या सगळ्यात जवळचं काय, तर 'उंचच उंच', 'लांबच लांब', 'गोडच गोड'. आल्तीसिमो म्हणजे उंचच उंच. कुणापेक्षा, हा प्रश्नच नाही. 'खूप उंचच उंच' असं आपण म्हणत नाही, तसंच 'मुय आल्तीसिमो' म्हणायचं नाही. एवढं सांगितल्यावर 'मुय' गेला. लार्गोचं लार्गीसिमो होतं, रीकोचं रिकीसिमो. लिहिताना लार्गोच्या ग-नंतर 'यू' घुसवावा लागतो आणि रीकोमधल्या क-चं अक्षर बदलावं लागतं, म्हणजे उच्चार जागचा हलत नाही.

यातून तिची गाडी बुएनोवर (चांगला) आली. 'मास बुएनो' का नाही? द्राक्षं, वाइन, निकाल यांसाठी मेखोर (अधिक चांगला) आणि पेओर (अधिक वाईट). माणूस स्वभावाने अधिक भला असेल, तर 'मास बुएनो' ऐकू येतं. वयासाठी मायोर (मोठा), मेनोर (धाकटा). थोरल्या भावाबद्दल तिने 'मास ग्रान्दे के मी' म्हटलं होतं. स्पेनमध्ये मायोर के यो म्हणतात. मेक्सिकोत वयासाठी 'मास ग्रान्दे' सर्रास चालतं, त्यामुळे त्यावर लाल रेघ मारली नाही, स्पेनच्या परीक्षेत मायोर म्हण एवढंच सांगितलं. 'के मी' मात्र कुठेच चालत नाही, 'के'नंतर यो, तू अशी कर्त्याची रूपंच येतात.

मेखोर, पेओर, मायोर, मेनोर ही लॅटिनमधून आलेली तुलनेची जुनी रूपं आहेत. त्यांच्या आत 'मास' आधीच बसलेला असतो, म्हणून 'मास मेखोर' चूक. लॅटिनची सुपरलेटिव्ह रूपंही थोडी उरली आहेत: माक्सिमो, मीनिमो, ओप्तिमो, पेसिमो. आपल्याकडे संस्कृतचे 'तर' आणि 'तम' असेच उरलेत. बोलताना कुणी 'उंचतर' म्हणत नाही, पण गणितात लसावि आणि मसावि आहेतच: लघुत्तम साधारण विभाज्य, महत्तम साधारण विभाजक. स्पॅनिश मुलं शाळेत तेच शिकतात, मीनिमो कोमुन मूल्तिप्लो आणि माक्सिमो कोमुन दिबिसोर. दोन्ही भाषांत जुन्या घराण्याची ही भांडी रोजच्या स्वयंपाकातून उठून गणिताच्या फडताळात गेली आहेत. हे ऐकून ती खूश झाली, पण परीक्षेत त्याचा काही उपयोग नाही, हेही खरं.

उपयोग आहे तो 'नादिए' (कुणीच नाही) आणि 'नुन्का' (कधीच नाही) यांचा. 'यंदा कधी नव्हे इतका पाऊस झाला' हे स्पॅनिशमध्ये एस्ते आन्यो आ योबीदो मास के नुन्का. इंग्रजीत विचार करणारा इथे हमखास अडतो, कारण इंग्रजी अशा वाक्यात नकार वापरत नाही. मराठीत 'कधी नव्हे' आहेच. तिला हे वाक्य पहिल्यांदा ऐकूनच कळलं. 'जितकं वर जाल तितकी थंडी' हेही: कुआन्तो मास सूबेस, मास फ्रीओ आसे. जितका-तितका आपल्या हाडात आहे.

पुढच्या सरावात भाषण बरंच सरळ आलं. 'मास' एकदाही गळला नाही. तेइदेच्या वाक्यातला 'ला' तिने दोनदा स्वतःच मागे येऊन घातला. तोंडी परीक्षेत स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणं चालतं. 'उनो दे लोस' ('...पैकी एक') यानंतर अनेकवचन मात्र अजून निसटतं: 'उनो दे लोस रिओस मास लार्गोस'ऐवजी शेवटचा शब्द 'लार्गो'च राहतो. परीक्षा अजून व्हायची आहे.

दरम्यान कार्यालयातून तिने एक मसुदा तपासायला पाठवला. एका खरेदीदाराला सांगायचं होतं की पाठवायला दोनच कंटेनर शिल्लक आहेत. संख्या दिसली म्हणून तिने नियमाप्रमाणे 'दे' घातला: नो तेनेमोस मास दे दोस कोन्तेनेदोरेस. व्याकरणात चूक काढता येत नाही, पण अर्थ वेगळा: आमच्याकडे दोनाहून जास्त नाहीत. एकही असू शकेल, खरेदीदार विचारात पडेल. आधी 'नो' आणि नंतर 'मास के' आलं, तर अर्थ 'फक्त' असा होतो: नो तेनेमोस मास के दोस, म्हणजे दोनच आहेत.

"मॅडम, म्हणजे 'दोनच' असेल तर 'के', 'दोनाहून जास्त नाहीत' असेल तर 'दे'?"

"हो. 'नो' असेल तेव्हाच. 'नो' नसेल तर संख्येला 'दे'च."

तिने 'के' घालून मेल पाठवला, आणि खाली पुस्ती जोडली की दोन्ही कंटेनर याच आठवड्यात निघतील.